वीस आठवड्यांचा दगड

मार्च 2019 मध्ये गावभागातल्या आमच्या लॅबच्या दारात ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून सहा गोणपाटं उतरली. लॅबमध्ये मदतीला येणाऱ्या तात्यांनी एकाची शिवण उसवली, आत हात घातला आणि बाहेर काढलेला तळवा माझ्यापुढे धरला. तळवा पिवळाकेशरी झाला होता.

"काय हो मॅडम, दगड मागवलाय का हळद?"

सांगलीत राहून माणसाला दुसरं काय सुचणार? मला मात्र हसू आलं नाही. पोती वाटेत कुठेतरी भिजली होती. कोळसाखाणीतला हा दगड हवा-पाण्यानं आंबट व्हायला किती आठवडे लागतात हे मोजायला मी तो मागवला होता, आणि ती गोष्ट पोत्यातच सुरू होऊन बसली होती.

मी माती आणि पाणी तपासून देते. माझं गिऱ्हाईक म्हणजे तासगाव-मिरजेकडचे द्राक्षबागायतदार, वाळव्याकडचे ऊसवाले, बोअरचं पाणी घेऊन येणारे सोसायटीचे सेक्रेटरी. कोळशाचा आणि माझा संबंध इस्त्रीवाल्याच्या कोळशापुरता. आपल्या पायाखाली सगळा काळा बसाल्ट. महाराष्ट्रात कोळशाचा थर बघायचा तर चंद्रपूर-वणीपर्यंत जावं लागतं. पण तासगावचा एक पोरगा, कॉलेजात मला ज्युनिअर, छत्तीसगडमधल्या एका जुन्या ओपनकास्ट, म्हणजे उघड्या, कोळसाखाणीत पर्यावरणाचं काम बघत होता. त्याचा 2018 च्या दिवाळीनंतर फोन आला. खाणीच्या जुन्या डंपच्या, म्हणजे उपसलेल्या दगड-मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी पाणी झिरपतं, सामू (pH) 3 च्या आसपास लागतो, ओढ्यातले दगड केशरी झालेत आणि प्रदूषण मंडळाकडून नोटीस आलीय.

"ताई, आमच्या साहेबांना एवढंच पाहिजे की रोज चुना किती पोती टाकायचा."

"आणि तुला?"

"मला पुढचा डंप असा होऊ द्यायचा नाही."

ह्या दुसऱ्या वाक्यासाठी मी काम घेतलं. पैसे किती मिळणार हे विचारायचं राहूनच गेलं, ते पुढे नडलं. मंडळाकडे पाठवायचे अधिकृत अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच जावे लागतात. माझं काम त्याआधीचं होतं: दगड आंबट होणार की नाही, होणार तर कधी, आणि काय केलं तर होणार नाही.

फेब्रुवारीत तिकडे जाऊन आले. कोळशापर्यंत पोचायला वरचा जो दगड-माती उपसावा लागतो त्याला तिथे सगळे 'ओबी' म्हणतात. त्याचे डोंगर, म्हणजे डंप. पाऊस संपून चार महिने झाले होते, तरी डंपच्या पायाला एक बारीक धार चालूच होती. पाणी दिसायला स्वच्छ, अगदी काचेसारखं, आणि तिथेच गडी फसतो. पन्नास पावलं खाली त्याच पाण्याला हवा लागून ते गढूळ केशरी होत होतं. तळाशी साय धरल्यासारखा चिखल. अमेरिकेतले खाणवाले त्या चिखलाला 'यलो बॉय' म्हणतात. किती लाडाचं नाव!

कारण साधं आहे. कोळशाच्या थराला लागून जो काळा, कागदासारखा सुटणारा शेल असतो त्यात पायराईट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. जमिनीखाली असेपर्यंत ते कोणाच्या अध्यातमध्यात नसतं. वर काढलं, फोडलं, त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं, की गंधकाचं सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि लोखंड पाण्यात उतरतं. मग ते ॲसिड शेजारच्या दगडातलं ॲल्युमिनिअम, मँगनीज ओढून काढतं.

पायराईट माझ्या ओळखीचं होतं, पण उलट्या बाजूनं. आमच्या वडिलांची दीड एकर जमीन कृष्णाकाठी चोपण झाली, म्हणजे सोडियम वाढून खराब झाली, तेव्हा आम्ही जिप्सम टाकलं होतं. चोपण जमिनीच्या उपचारात जिप्समच्या खालोखाल पायराईटचं नाव येतं. बिहारमधल्या अमझोरचं पायराईट उत्तरेकडच्या उसर जमिनीत ह्याच कामासाठी टाकलं जायचं: ॲसिड तयार होऊ दे, म्हणजे सोडियम सुटेल. आम्ही ज्याला औषध म्हणून शिकलो ते तिथे ओढ्यात विष होऊन वाहत होतं.

खरं तर आपल्या देशातला बहुतेक कोळसा गोंडवाना काळातला, त्यात गंधक कमी, सहसा एक टक्क्याच्या आत. म्हणून मध्य भारतातल्या खाणवाल्यांना वाटतं की आंबट पाणी हा ईशान्येचा आजार. तिकडचा कोळसा वयानं लहान आणि गंधकानं भरलेला. मेघालयात जैंतिया टेकड्यांत उंदरांच्या बिळांसारख्या खाणी खणल्या, नद्यांतले मासे गेले, शेवटी एप्रिल 2014 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तशा खाणकामावर बंदी घातली. त्या टेकड्यांतून कोपिली नदी आसामात उतरते आणि तिच्यावर वीजप्रकल्प आहे. आंबट पाण्यानं त्याची टर्बाइनं आणि पाइप खाल्ले. हे मी कोयनेवर नोकरी केलेल्या आमच्या मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. पाण्यानं पातं झिजतं हे त्यांना माहीत होतं, पण वाळूनं. पाणी स्वतः लोखंड खातं हे त्यांच्या पचनी पडेना.

पण एक टक्का ही सरासरी झाली. सरासरीचा कोळसा कोणी खणत नाही. थराच्या माथ्यावरचा एखादा हातभर शेल सगळ्याचं वाटोळं करू शकतो.

त्या भेटीत दोन कामं केली. धारेवर पत्र्याचा व्ही-नॉच बसवला. पाणीवापर संस्थेत काम केलेल्याला तो नवीन नाही: नव्वद अंशाची खाच, मागे पाण्याची उंची मोजायची. तेव्हा उंची 6 सेंटिमीटर होती, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा लिटर. जुलैत त्या पोरानं फोनवर आकडा सांगितला, 14 सेंटिमीटर. उंची सव्वादोन पट, पण पाणी जवळजवळ दहा लिटर, म्हणजे आठ पट. उन्हाळ्यात बघून चुन्याची टाकी बांधणाऱ्यांचं पावसाळ्यात काय होतं ते ह्यात आलं.

दुसरं काम, साहेबांना हे पटवायचं की सामू म्हणजे आंबटपणा नव्हे. सामू म्हणजे तोंडावर दिसतं ते. पोटात जे विरघळलेलं लोखंड आणि ॲल्युमिनिअम असतं, ते चुना पडला की साका होऊन खाली बसतं आणि बसताना आणखी ॲसिड सोडतं. म्हणून सामू 3 असलेली दोन पाणी चुना मागायला बसली तर एक मूठभर मागतं आणि दुसरं पोतंभर. पेरॉक्साइड घालून, उकळून, मग थेंबथेंब कॉस्टिक सोडा घालून किती लागतो ते मोजायचं आणि उत्तर चुनखडीच्या हिशेबात मांडायचं. त्या पाण्याची आम्लता लिटरला 500 मिलिग्रॅम निघाली. पावसाळ्यात सेकंदाला 10 लिटर धरलं तर दिवसाला 864 घनमीटर. गुणाकार केला तर रोज 432 किलो चुनखडीएवढं ॲसिड. विझवलेल्या चुन्यात 320 किलो, तोही शुद्ध असेल तर.

"म्हणजे दिवसाला सात-आठ पोती. झालं की मग!" साहेब म्हणाले.

"किती वर्षं?" मी विचारलं. त्यावर चहा आला.

परत आल्यावर तात्यांना आकडे दाखवले. तात्या म्हणजे साखर कारखान्यात रसशुद्धीकरणावर तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. माझ्याकडे ते 'वेळ जात नाही म्हणून' येतात आणि लॅबमधल्या दोन्ही एम.एस्सी. पोरांपेक्षा जास्त काम करतात. उसाचा रस आंबटसर असतो, त्याला चुन्याचं दूध घालून सातच्या आसपास आणायचं, मळ खाली बसवायचा, वरचा निवळ रस पुढे पाठवायचा. खाणीच्या पाण्याचं काम ह्याहून वेगळं नाही, फक्त साखर निघत नाही.

"चुना वाईट असला की निम्मी खडी खाली बसती," ते म्हणाले. "आणि पावडर तशीच पाण्यात फेकायची न्हाई. दूध करायचं, हलवत ठेवायचं. थांबलं की पाइप गच्च. आमच्यात पोरं रोज हातोडा घिऊन पाइप बडवायची." सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात चुना घातला की जिप्समचे थर चढतात, हेही त्यांनी पुस्तक न बघता सांगितलं. कारखान्याचे इव्हॅपोरेटर कॉस्टिकनं उकळून साफ करण्यात त्यांची हयात गेली होती.

आता दगडाकडे येते.

आधी झटपट चाचण्या. दगड दळून त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकायचा आणि फसफसतो का बघायचा. आपल्या काळ्या रानातली चुनखडी सोड्यासारखी उसळते. हा शेल ढिम्म. मग गंधक. पायराईटच्या रूपातलं गंधक 1.6 टक्के. त्याला 31.25 नं गुणायचं, म्हणजे एक टन दगडातून बनू शकणारं ॲसिड मारायला किती किलो चुनखडी लागेल ते कळतं: बरोबर 50. दगडाच्या अंगात स्वतःची चुनखडी निघाली 6. वजाबाकी सांगायला नको. पेरॉक्साइडची चाचणी लावली तर बीकर रात्री खदखदून सकाळी सामू 2.6 वर येऊन थांबला होता. साडेचारच्या खाली गेला की दगड वाईट असं मानतात. वालुकाश्माचे नमुने मात्र निरुपद्रवी निघाले. डंपचा मोठा भाग वालुकाश्मच होता. म्हणजे भांडण सगळं त्या काळ्या शेलशी.

इथे अनेक जण थांबतात आणि अहवाल लिहून मोकळे होतात. पण ह्या चाचण्या 'होईल का' ते सांगतात, 'कधी' ते नाही. त्यासाठी दगड हळूहळू कुजवावा लागतो. एक किलो दगड नळकांड्यात भरायचा, तीन दिवस कोरडी हवा सोडायची, तीन दिवस दमट, सातव्या दिवशी ठरलेल्या पाण्यानं धुवायचा आणि ते पाणी तपासायचं. म्हणजे एकाच आठवड्यात उन्हाळा आणि पावसाळा, छोट्या रूपात. असं किमान वीस आठवडे. आम्ही सहा इंची पीव्हीसी पाइपाचे पाच तुकडे कापले, तळाला जाळी लावली, माशांच्या टाकीचे पंप आणले आणि दमट हवेसाठी ती कोमट पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नेली. पहिल्यात नुसता शेल, दुसऱ्यात वालुकाश्म. तिसऱ्यात शेलमध्ये दहा टक्के चुनखडीचा चुरा नीट कालवून, चौथ्यात तेवढाच चुरा वर नुसता थर देऊन. पाचवा मोकळा, तुलनेसाठी. चुनखडी बागलकोटकडून आणली, आपल्याकडे कुठली मिळायला?

14 एप्रिलला, रविवारी, पहिलं पाणी ओतलं. पोत्यात भिजलेल्या दगडानं आपला हिसका लगेच दाखवला: पहिल्याच धुण्यात 3.6. आधीच तयार होऊन बसलेले क्षार धुऊन निघत होते. हे प्रत्यक्ष खाणीतही होतं. उन्हाळाभर डंपच्या अंगावर पिवळे-पांढरे क्षार फुटतात आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस ते एकदम ओढ्यात नेऊन टाकतो. वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी ते. नमुना मात्र बरेचदा ऑगस्टात घेतला जातो, सगळं पातळ झाल्यावर.

तीन धुण्यांत क्षार गेले, सामू साडेचारवर चढला आणि तिथेच रेंगाळला. मे गेला, जून गेला. दर रविवारी पाणी ओतायचं, सोमवारी तपासायचं, वहीत लिहायचं. घरचे विचारायचे, दगडाला पालवी फुटली का? नवव्या आठवड्यानंतर आकडा सरकायला लागला. 4.2, 3.9, 3.5. सामू चारच्या खाली गेला की ह्या खेळात जिवाणू उतरतात. 1947 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणीच्या पाण्यात कोल्मर आणि हिंकल ह्या दोघांनी ते शोधले. आज त्यांना ॲसिडिथिओबॅसिलस म्हणतात. लोखंडाचं जे रूपांतर आंबट पाण्यात आपणहून फार सावकाश होतं, ते हे जिवाणू लाखो पटींनी वेगात करतात. आणि रूपांतर झालेलं लोखंड हवेची वाट न बघता थेट पायराईटवर तुटून पडतं. चुलीत फुंकर मारून मारून एकदाचा जाळ धरावा तसं, धरला की फुंकर लागत नाही. पंधराव्या आठवड्यात 2.9.

चुनखडी कालवलेला तिसरा पाइप 7.3 वर बसून होता, हूं का चूं नाही. चौथा, जिथे तीच चुनखडी वर पसरली होती, तो हळूहळू घसरत 4 वर आला होता. माल तोच, वजन तेच. वरून चुनखडीतून उतरणारं पाणी फारच थोडी अल्कली बरोबर नेतं. ॲसिड मात्र खाली, शेलच्या अंगातच तयार होतं. डंपवर शेवटी चुनखडीचे चार डंपर ओतून फोटो काढणाऱ्यांसाठी मी तो आलेख रंगीत छापून ठेवला.

सतरावा आठवडा मोजायचा राहिला.

5 ऑगस्टपासून कृष्णेचं पाणी चढत गेलं. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 ला 53 च्या वर गेलं होतं, तेव्हा लॅबच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं, म्हणून आम्ही उंबऱ्याचाच हिशेब धरून होतो. वजनकाटा, सामूमापक, स्पेक्ट्रो वरच्या मजल्यावर नेले. पाइप लोखंडी अँगलला पक्के बसवलेले, ते तसेच राहिले. तात्यांनी तीन पोती आधीच माळ्यावर टाकली होती, वापरलेली दोन जवळपास संपलेली, एक अख्खं पोतं खालीच राहिलं. त्या वर्षी पातळी 57 फुटांच्या पुढे गेली. आम्हाला रात्री होडीतून काढलं. आठवडाभर लॅबच्या खोलीत पुरुषभर पाणी होतं. शहरात लोकांची घरं गेली, जनावरं गेली, आणि मला मधूनच पाइपांचं वाईट वाटायचं. ते कोणाला सांगायची लाज वाटायची, म्हणून इथे सांगते.

पाणी उतरल्यावर आत गेलो. वीतभर गाळ, भिंतीवर ओळ, पाइपांत मळी. सोळा आठवड्यांची वही वर होती, ती वाचली. तात्या पाण्यात राहिलेलं पोतं ओढून बाहेर काढत होते. मी म्हटलं, फेकून द्या. ते म्हणाले, "बघा तरी." आतला दगड काळाकुळकुळीत, मार्चमध्ये हाताला लागलेला केशरी रंग कुठे नाही. मी तो शेल बादलीत घातला, वर वीतभर पाणी ठेवलं, झाकण ठेवलं. पहिल्या पाण्याचा सामू 3.4 आला, जुने क्षार उरले असणार. तीनदा पाणी बदललं. मग 5 च्या वर गेला आणि तिथेच थांबला. पुढे फेब्रुवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघितलं, सल्फेट वाढतच नव्हतं. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. दगड कायम पाण्याखाली राहिला तर त्याला श्वासच मिळत नाही. भिजणं-वाळणं वाईट, बुडणं चांगलं. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण स्वतःच्या घरात पूर येऊन कळलं की वेगळं कळतं.

सप्टेंबरात माळ्यावरच्या दगडावर पहिल्यापासून सुरुवात केली, ह्या वेळी दुसऱ्या मजल्यावर.

त्याच दरम्यान गच्चीवर ड्रमचे प्रयोग लावले. त्या पोरानं खाणीचं पाणी पस्तीस-पस्तीस लिटरच्या कॅनमधून पाठवलं होतं. पहिल्या ड्रममध्ये नुसती चुनखडीची खडी, उघडी. महिन्याभरात खडीवर केशरी कवच चढलं आणि आतली चुनखडी असून नसल्यासारखी झाली. दुसरा घट्ट बंद ड्रम, हवा न लागू देता. त्यात कवच आलं नाही, पण पाण्यातलं लोखंड आधीच हवा खाऊन बसलं असेल तर ही युक्ती चालत नाही. आमच्या कॅनमधल्या निम्म्या पाण्याचं तेच झालं होतं. तिसरा ड्रम तात्यांचा लाडका: खाली चुनखडी, वर कारखान्याचं प्रेसमड (रसातून गाळलेला मळ), बगॅस (उसाची चिपाडं) आणि शेण. वरचं कुजताना प्राणवायू संपवतं आणि मग आतले वेगळे जिवाणू सल्फेटवर जगायला लागतात. लोखंड सल्फाइड होऊन काळं खाली बसतं. ताजं प्रेसमड तापतं म्हणून ते तात्यांनी तीन आठवडे पसरून गार केलं होतं. बाहेर पडणारं पाणी 6.5. वास मात्र सडक्या अंड्यांचा. शेजारच्या काकूंनी नगरसेवकाकडे तक्रार केली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये अहवाल घेऊन परत खाणीवर गेले. बैठकीत साहेबांनी पहिलं पान बघितलं, मग शेवटचं. "वीस आठवडे! आमचा शॉव्हेल एका शिफ्टमध्ये हा बेंच उचलतो." बेंच म्हणजे खाणीची एक पायरी. खरं होतं. मी म्हटलं, म्हणूनच बेंच उचलायच्या आधी वर्षभर नमुना पाठवा. ड्रिलचा गाभा तुमच्याकडे पेटीत पडलेलाच असतो.

मग डंपर कुठे रिकामा करायचा ह्यावर दोन तास गेले. काळा शेल बाहेरच्या डंपवर न टाकता जुन्या खड्ड्यात, जिथे पावसाळ्या-उन्हाळ्यात पाणी एका पातळीखाली जात नाही तिथे टाकावा, असं माझं म्हणणं. अंतर वाढतं, डिझेल वाढतं, फेऱ्या कमी होतात, असं उत्पादनवाल्यांचं. दोघांचंही खरं. तासगावच्या पोरानं तेव्हा फळ्यावर चुन्याचा वर्षाचा हिशेब मांडला, गाळ उपसायचा खर्च वेगळा, आणि खाली लिहिलं: 'खाण बंद झाल्यावर कोण?' 2009 पासून कोळसा खाणींना बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून, पैसे ठेवावे लागतात. ते पैसे आणि ती वर्षं मोजकी असतात. पायराईटची वर्षं मोजकी नसतात.

नियमांबद्दल एक सांगितलंच पाहिजे. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा. संमतीपत्रात सोडायच्या पाण्याची मर्यादा लिहिलेली असते: सामू साडेपाच ते नऊ, तरंगता गाळ लिटरला 100 मिलिग्रॅम. सर्वसाधारण मानकांत लोखंड 3, मँगनीज 2. मर्यादा योग्यच आहेत. पण त्या लागतात पाणी बाहेर पडतं त्या एका ठिकाणी, डंपला काही त्या लागत नाहीत. त्या खाणीच्या जुन्या वहीत मला सलग चार महिने रोज सामू 7.0 लिहिलेला सापडला. पावसात, उन्हात, रविवारी, दिवाळीला. इतकं शिस्तीचं पाणी मी आयुष्यात बघितलेलं नाही. वही कोणाची होती हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि चुन्याचा दुसरा टोकाचा त्रासही आहे. मँगनीज खाली बसवायला सामू नऊच्या पुढे न्यावा लागतो, आणि तिकडे गेलं की मर्यादा मोडते, खाली बसलेलं ॲल्युमिनिअम परत विरघळायला लागतं. म्हणून आधी हवा मारून लोखंड पिकवायचं, साडेआठला धरायचं, तळ्यात मुक्काम वाढवायचा. हे काम चुन्याच्या पोत्याचं नाही. तिथे आठ तास उभा राहणारा आणि हातात बरा सामूमापक असलेला माणूस लागतो. तात्यांना मी विचारलं होतं, येता का छत्तीसगडला? म्हणाले, "पगार बगा, मग सांगतो." माझाच पगार तेव्हा अडकला होता. बिलाचे पैसे टाळेबंदी उठून वर्ष झाल्यावर आले, तेही तीन तुकड्यांत.

शेवटी जे ठरलं ते माझ्या अहवालातलं निम्मं. जुन्या डंपभोवती चर खणून वरचं स्वच्छ पाणी बाजूनं वळवायचं, माथ्यावर चिकणमाती दाबून उतार द्यायचा, आणि पायथ्याच्या धारेला चुन्याचं युनिट. नव्या बेंचचा काळा शेल वेगळा काढून खड्ड्यात. कालवायची चुनखडी मंजूर झाली नाही. गच्चीवरच्या तिसऱ्या ड्रमसारखं तळं 'पुढे बघू' ह्या रकान्यात गेलं.

2021 च्या पावसाळ्यात व्ही-नॉचवर 9 सेंटिमीटर आलं. पाऊस कमी झाला होता का चरानं काम केलं, एका वर्षावरून मी सांगणार नाही. जुन्या धारेचा सामू 3.3. ती आंबटच आहे, राहील. चुना चालू आहे. नव्या डंपच्या पायाशी पहिल्यांदा पाणी आलं ते 6.4.

डिसेंबरात पुढच्या बेंचचा नमुना आला. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात, झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे आणि वर मार्करनं मराठीत लिहिलेलं: 'भिजवू नये. तात्यांनी उघडावे.' तात्या तेव्हा नातवाच्या मुंजीला कुपवाडला गेले होते. पिंप दोन दिवस तसंच दुसऱ्या मजल्यावर ठेवलं.